कुलपाचे मुखत्यार

घराच्या दाराचे कुलूप अडले, किल्ली ना पुढे फिरे ना मागे, आणि गृहस्वामी हातात ओली छत्री व मुद्रेवर अपराधी भाव घेऊन आपल्याच उंबरठ्याबाहेर परक्यासारखा उभा राहिला, की ज्या सद्गृहस्थांचे आगमन कोणीही पाचारण न करता, विनाविलंब आणि बहुधा बनियनवरच होते, त्यांस मी कुलपाचे मुखत्यार म्हणतो. मुखत्यारपत्र त्यांना कोणी लिहून दिलेले नसते. परंतु ‘सरा बरं बाजूला’ एवढे शब्द उच्चारून त्यांनी गृहस्वामीच्या हातची किल्ली काढून घेतली, की त्या क्षणापासून दार, कुलूप, चौकट आणि चौकटीबाहेर ताटकळणारे समस्त कुटुंब ह्यांचा कारभार त्यांच्या अखत्यारीत गेला असे समजावे.

दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींत, पुण्याच्या पेठांतील वाड्यांत आणि उपनगरांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत असे एक तरी गृहस्थ असतातच. त्यांची उमेदीची वर्षे कुठल्यातरी कचेरीत महसुलाची दफ्तरे चाळण्यात गेलेली असतात, आणि पेन्शनीत निघाल्यावर अंमल गाजविण्यास जागा न उरल्यामुळे तो अंगात तसाच शिल्लक राहिलेला असतो. नळ गळला तर प्लंबर येतो, दिवा गेला तर वायरमन येतो. त्या खात्यांत त्यांना फारसा शिरकाव नसतो. कुलूप मात्र सर्वांसमक्ष जिन्याच्या तोंडाशी अडते, त्यासाठी कोणाच्या घरात शिरावे लागत नाही (किंबहुना शिरता येत नाही हीच तर तक्रार असते), आणि अडलेला मनुष्य त्या वेळी कोणाचाही सल्ला ऐकण्याइतका नम्र झालेला असतो.

मुखत्यारांची कार्यपद्धती कचेरीच्या शिस्तीची असते. कुलपास हात लावण्यापूर्वी पंचनामा. दार शेवटचे कोणी लावले, किती वाजता, लावताना ‘खट्’ असा आवाज झाला की ‘खर्र’ असा, किल्ली अस्सल की नक्कल, नक्कल असल्यास ती कोणाकडून करून घेतली आणि अस्सल कोठे आहे, ह्या सर्व मुद्द्यांवर घरातील प्रत्येक इसमाची जबानी स्वतंत्रपणे घेतली जाते. धाकट्या चिरंजीवांनी मागे कधीतरी त्याच छिद्रात काडी घातली होती, ही कैफियत थोरल्या भगिनीकडून इथेच बाहेर पडते. चिरंजीव रडू लागतात, आई त्यांचा कैवार घेते, वडील दोघांवर डाफरतात, आणि कुलपाचा मामला तहकूब होऊन कौटुंबिक मामला सुरू होतो. मुखत्यारांना ह्याची घाई नसते. रीतसर तपास झाल्यावाचून निकाल देणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

तपासानंतर व्याख्यान. हे व्याख्यान सहसा अशा एखाद्या गृहिणीच्या वाट्याला येते, जी शेगडीवर दूध ठेवून, किल्ली पदराला बांधून, शेजारी विरजण मागायला म्हणून बाहेर पडलेली असते आणि जिच्या पाठीमागे वाऱ्याने दार लोटले जाऊन लॅच बसलेला असतो. ‘वहिनी, धीर धरा,’ मुखत्यार म्हणतात, ‘लंडनच्या ब्रामानं 1784 साली एका कुलपाचं पेटंट घेतलं, आणि पुढं तसलं एक कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून, उघडील त्याला 200 गिनींचं इनाम लावलं. कुणाची छाती झाली नाही! 1851 च्या त्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज म्हणून एक अमेरिकन आला, तेव्हा कुठे ते उघडलं. त्याला सुद्धा सोळा दिवसांत मिळून 51 तास लागले!’ हा दाखला सांत्वनपर आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. दाराच्या फटीतून करपलेल्या दुधाचा वास येऊ लागल्यावर वहिनींच्या डोळ्यांत जे पाणी उभे राहते, ते हॉब्जच्या चिकाटीबद्दलच्या आदराचे आहे, असेही ते मानतात.

त्यांच्या ज्ञानात खोट काढण्याची सोय नाही, हीच त्यातली खरी अडचण. अमेरिकेतल्या धाकट्या येलने 1861 मध्ये पेटंट घेतलेल्या कुलपाची रचना ते अचूक सांगतात: नळकांड्यात पितळी खुंट्यांची एक रांग, प्रत्येक खुंटी दोन तुकड्यांची, तिच्या डोक्यावर दाबून बसलेली स्प्रिंग, योग्य किल्लीचे दाते त्या खुंट्यांना अशा नेमक्या उंचीवर नेतात, की सगळ्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि नळकांडे सुखाने फिरते. अर्देशीर गोदरेज ह्यांनी वकिली सोडली आणि 1897 मध्ये मुंबईच्या लालबागेत कुलपे करण्यास प्रारंभ केला, हे सांगताना तर त्यांचा कंठ किंचित दाटून येतो. कारण वकिली सोडून कुलपांकडे वळलेला मनुष्य आणि महसूल खाते सोडून कुलपांकडे वळलेला मनुष्य ह्यांत त्यांना तत्त्वतः भेद दिसत नाही. एवढे निर्दोष विवेचन ऐकून एखादे दार निव्वळ भिडेखातर उघडावे. पण दारांना भीड नसते.

मग तेलाचा प्रश्न निघतो, आणि इमारतीत पक्ष पडतात. तळमजला खोबरेलाचा पुरस्कर्ता असतो, पहिला मजला शिवणयंत्राच्या तेलाचा, आणि दुसऱ्या मजल्यावरील एक वयोवृद्ध आजी रॉकेलावाचून गंज हटत नाही ह्या मतापासून तसूभर ढळत नाहीत. कोणाचाही अर्ज फेटाळून रोष पत्करणे मुखत्यारांच्या मुरब्बी स्वभावाला मानवत नसल्यामुळे ते तिन्ही अर्ज अनुक्रमाने मंजूर करतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड कोरड्या कुलपास हितकारक असते, तेल मात्र धूळ धरून ठेवते आणि कालांतराने चिकट होते, हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. तीन तेलांचा अभिषेक झाल्यानंतर ते ती पूडही घालतातच. त्यातून कुलपाच्या पोटात जे निर्माण होते, ते डोळ्यांत घालण्यास उत्तम असले तरी खुंट्यांच्या हालचालीस उपकारक नसते. ह्यापुढची पायरी म्हणजे केसांतला आकडा. तो आत जातो आणि अर्धाच बाहेर येतो. त्या अर्ध्या आकड्याकडे मुखत्यार क्षणभर पाहतात, तो खिशात घालतात आणि घोषणा करतात, की कुलूपच मुळात सदोष असून मालकाने खरेदीच्या वेळी आपला सल्ला घ्यावयास हवा होता.

अखेरीस, मुखत्यारांची नजर चुकवून, कोणीतरी स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर किल्ल्यांचे जुडगे टांगून बसणाऱ्या चावीवाल्यास घेऊन येते. हा मनुष्य बोलत नाही. त्याच्या पिशवीत कानस, पक्कड, दोन-चार तारा आणि कोऱ्या किल्ल्या असतात. जबानी देण्याची त्यास सवय नसते. मुखत्यार त्याला प्रकरणाचा सारांश ऐकवीत असतानाच तो आकड्याचा तुकडा बारीक चिमट्याने उपसून काढतो, एका चिंधीने तेलाचा राडा टिपून घेतो आणि मग कुलपाकडे न पाहता दाराच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवितो. ‘कुलपाला काय झालं नाही, रावसाहेब. दार फुगलंय,’ एवढेच त्याचे भाष्य. आषाढाच्या पावसात लाकडाने ओल प्यालेली असते, वरची बिजागरी सैल होऊन दार अंगच्या भाराने किंचित खचलेले असते, आणि कुलपाची जीभ चौकटीतल्या पट्टीच्या कडेला घट्ट रुतून बसलेली असते. आता तिला मागे ओढण्याचे बळ त्या इवल्या किल्लीत कोठून यावे? चावीवाला दाराच्या तळाशी पहारीचे टोक सरकवितो, दार केसभर उचलतो, खांद्याने आत रेटतो, आणि तीच किल्ली, जिच्या नक्कलपणाविषयी एवढा संशय व्यक्त झालेला होता, निमूटपणे फिरते.

दार उघडल्यावर खरे म्हणजे प्रकरण निकालात निघावे. पण मेहनतान्याचा मुद्दा शिल्लक असतो, आणि मुखत्यार तो सोडीत नाहीत. ‘दोन मिनिटांच्या कामाचे एवढे?’ असा त्यांचा सवाल असतो. कामाचे मोल लागलेल्या वेळावर ठरावे ह्या त्यांच्या सिद्धांतानुसार, ह्याच मनुष्याने हेच दार तिन्हीसांजेपर्यंत अडवून ठेवले असते तर ते त्याला दुप्पट देण्यास राजी झाले असते. आणि खुद्द त्यांनी स्वतः खर्ची घातलेला वेळ हिशेबात धरला, तर गृहस्वामीकडून त्यांचेच काहीतरी येणे निघते. चावीवाला पैसे मोजून घेतो आणि जिना उतरतो. ‘अर्धं काम मी करून ठेवलं होतं,’ असा शेरा प्रकरणावर मारून मुखत्यारही दफ्तर बंद करतात.

ह्यावरून कोणी त्यांस खोटे किंवा दुष्ट समजू नये. सगळ्या इमारतीचा त्यांच्यावर विश्वास असतो, इतका की किल्ली घरात विसरून दार लोटले गेल्यास उपयोगी पडावी म्हणून जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडाने आपली एकेक जादा किल्ली त्यांच्याकडे ठेव म्हणून दिलेली असते. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ह्या साऱ्या ठेवी नांदत असतात. कोणती किल्ली कोणाची ह्याची नोंद मात्र कोठेही नसते, कारण ती आपल्या ध्यानात आहे असा डब्याच्या मालकाचा दावा असतो. आणि तसा प्रसंग आलाच, तरी डबा उघडण्याकडे त्यांचे मन वळत नाही. एकदा कोणी भीत भीत आठवण करून दिली असता ते ताडकन उत्तरले होते, ‘अहो, किल्लीनं काय, कुणीही उघडील!’ ह्या एका वाक्यात त्यांचे समग्र चरित्र आले आहे. दार उघडावे ही त्यांची इच्छा असतेच; पण ते आपल्या विद्येने उघडावे आणि शक्यतो सावकाश उघडावे.

सबब वाचकांस विनंती अशी, की पावसाळ्यापूर्वी सुताराकडून दाराची कड रंध्याने तासून घ्यावी, बिजागरीचे स्क्रू आवळून ठेवावेत, कुलपात तेल ओतण्याचा मोह आवरावा, आणि जादा किल्ली अशा शेजाऱ्याच्या घरी ठेवावी, ज्यास कुलपांविषयी कसलीही माहिती नाही.