चैत्रगौरीचं जपानी सरबत

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, गॅलरीत सगळं ऐकू जातं. तिसऱ्या माळ्यावरच्या वहिनींकडे शुक्रवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं ना, अख्खी चाळ लोटली. मग पन्हं पुरतंय कशाला! फ्रिजमध्ये लेकाने टोकियोहून आणलेले डबे होते, वर हे एवढं पिवळंधमक लिंबू. वहिनींनी फोडले आणि ओतले ग्लासात. जपानी कुणाला वाचता येतंय इथे गिरगावात?

कोपऱ्यातल्या काकू तर दुसऱ्यांदा मागून प्यायल्या! डाळ तिखट झाली होती म्हणे... तेवढ्यात लेक ऑफिसातून आला नि दारातच थिजला. "आई, अगं ते चूहाय आहे!" काकू किंचाळल्या, "चूहा? उंदीर पडला होता की काय त्यात?" उंदीर परवडला असता हो!

तर काय सांगत होते... हां. शोचू म्हणून त्यांची दारू असते, तिच्यातला 'चू' आणि हायबॉलमधला 'हाय', झालं चूहाय! शोचूत सोडा घालायचा, वर लिंबाचा रस. तिकडे 1984 पासून तयार डब्यात मिळतं. मावशींनी हळूच विचारलं, "शोचू कशाची करतात रे?" तो म्हणाला, "बार्लीची, तांदळाची, रताळ्याचीसुद्धा." मावशींचा चेहरा असा खुलला! "रताळ्याची म्हणजे उपासाला चालत असेल." वहिनी मात्र पांढऱ्याफटक. गौरीसमोर, अहो!

मग गॅलरीतून अप्पामास्तर सुरू झाले. म्हणे, एवढं काय त्यात? साहेबाचं 'पंच' आपल्या पाचावरूनच आलं. फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1698 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, गोव्यातल्या नेरूळची अरक सर्वात चांगली, तिच्यासकट पाच जिन्नस घालून इंग्रज पंच करायचे. आणि त्यांची हॉट टॉडी? ती आपल्या भंडाऱ्यांची ताडी, नाव तेवढं उचललं. झालं! मास्तरीणबाई फणकारल्या, "तुम्हाला बरी इतकी माहिती!" अप्पांचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही...

बरं, तुमचे जावई येतायत ना जपानहून? मग एक करा. डब्यावरच्या लिंबावर जाऊ नका, टक्के बघा. आकडे आपल्याला वाचता येतात. 3 पासून 9 पर्यंत काहीही असतं, आणि 9 म्हणजे साध्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट.