नाविकास खाऊ पाठविण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका धारूर तालुक्यातील, आणि मोठ्या मनाने उर्वरित बीड जिल्ह्यातील, ज्यांचे लेकरू नौदलात आहे अशा समस्त पालकांसाठी आहे. जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. ही उणीव पालक उत्साहाने भरून काढतात, आणि तिथेच घोळ होतो.

नियम १. पालकाने प्रथम समुद्र समजून घ्यावा. आमचे थोरले बंधू आण्णा ओडिशात आयएनएस चिल्काला पोराची पासिंग आउट परेड पाहून आले आणि पारावर जाहीर केले, "समुद्र म्हंजे माजलगावचं धरणच की. नुसतं पलीकडचं गाव दिसत नाही." त्यांनी पाहिले ते चिल्का सरोवर होते. हे त्यांना अद्याप कुणी सांगितलेले नाही. वाचकांनीही सांगू नये.

नियम २. जहाज हलते, पत्ता हलत नाही. सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव, जहाजाचे नाव, आणि खाली 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. जहाज पूर्वेच्या ताफ्यातले असेल तर विशाखापट्टणम. बंदराचे किंवा देशाचे नाव घालू नये. पार्सल जहाजाची गाठ पडेल तेव्हा पोराच्या हाती पडते, त्यामुळे दिवाळीचा फराळ संक्रांतीला पोहोचला तर कुणाला बोल लावू नये. आण्णांनी 'मु. पो. अरबी समुद्र' लिहायला सांगितले होते. पत्ता मी लिहितो म्हणून निभावते.

नियम ३. जहाज कुठे आहे हे विचारू नये. कळलेच तर सांगू नये. चाचेगिरी रोखण्यासाठी ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात आपल्या नौदलाचे जहाज तैनात असते, हे पेपरात येते. पण आपले पोरगे आज कुठे आहे, ही पारावरची बातमी नव्हे. हेरगिरीचे प्रकरण उघडकीस आल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन व फेसबुक बंद केले, ते उगाच नाही. आमच्या पाराला हे पटत नाही. इकडे माणूस सहा महिने घराबाहेर राहतो तो ऊस तोडायला. त्यामुळे प्रश्न ठरलेले: कोणत्या कारखान्यावर? मुकादम कोण? उचल किती घेतली? पट्टा कधी पडणार? आण्णा "सरकारी काम हाय" एवढेच म्हणतात, पण अशा आवाजात, की जहाज त्यांनीच कुठेतरी लपवून ठेवले असावे.

नियम ४. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, टिकण्याचे नाही. पाठवू नये.

नियम ५. काय पाठवावे. कारळाची आणि जवसाची चटणी, कोरडी. शेंगदाण्याची चटणी दमट हवेत खवट होते. थोडीच द्यावी, खोबरे न घालता. धपाटे दोन-तीन दिवसांचे सोबती, जहाजाच्या प्रवासाला निरुपयोगी. येसर उत्तम, पण मेसमध्ये ज्याने त्याने आपापली आमटी उकळायची सोय नसते. काचेची बरणी नको. पुड्या लहान बांधाव्यात, कारण लॉकर लहान असते आणि खाणारी तोंडे पुष्कळ. योगेश्वरीचा अंगारा पाठवल्यास पुडीवर ठळक 'अंगारा' लिहावे. सगळे मांजरपाटात शिवावे, शक्यतो आण्णा घरी नसताना.

कारण आण्णा घरी असले की बाजरी येते. मग तिखट, मीठ, गोडेतेल, तवा, परात. जहाजावर भटारखाना आहे, स्वयंपाकी आहेत, सरकार पोटभर जेवू घालते, हे सांगून माझा घसा बसला. पण त्यांना घर सोडून जाणे एकाच प्रकारचे ठाऊक आहे. दसरा झाला की ट्रक यायचा, त्यात बिऱ्हाड चढायचे. आण्णा आणि वहिनी मिळून एक कोयता. पोराला आजीपाशी ठेवून जायचे. उन्हाळ्यात परतायचे तेव्हा ते आधी आजीमागे लपायचे. त्या सहा महिन्यांत खाऊ पाठवायचा म्हटला तर ना सवड ना हाती पैसा. तो सगळा साठलेला खाऊ आता नौदलाच्या डोक्यावर आलेला आहे. त्यामुळे तवा मी काढतो, बाजरीही काढतो. पण चटणीची एखादी पुडी मापाबाहेर गेली तर बघत नाही.

नियम ६. पत्रात उपदेश नको. पाऊस, कापसाचा भाव, कुणाची म्हैस व्याली, एवढे पुरे. पोरे हेच पुन्हा पुन्हा वाचतात.

नियम ७. पोच मिळाल्यावर शांत राहावे. जहाज बंदराला लागल्यावर पोराने फोन केला: चटणी पहिल्याच दिवशी संपली, शेजारच्या बंकवरच्या केरळच्या पोराने डबा पुसून खाल्ला. झाले. आता त्या पोरालाही पार्सल जायचे आहे. मी म्हटले, आण्णा, जहाज एक, मेस एक, दोघांचे एकातच घालू. तर म्हणाले, "तसं नाही. त्येच्या नावानं गेलं पायजे. त्येचा बी बाप लांबच हाय." पत्ता मलाच लिहायचा आहे. टपालखर्चाचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही.