बुमराहले आधीच संपवला गा!

ऐकलंत का? गडचिरोलीच्या हेमलकशात म्हणे तेंदूपत्त्याच्या भावाचं आता कुणी बोलतच नाही. चहाच्या टपरीवर चार डोकी जमली की एकच वाद: शेवटच्या पाच ओव्हर कुणाकुणाला द्यायच्या? आणि तोही कुठल्या सामन्याचा? तर 29 जून 2024 चा, बार्बाडोसमधल्या भारत-दक्षिण आफ्रिका टी-ट्वेंटी फायनलचा! वर्ल्डकप जिंकून झाला, मिरवणूक निघाली, रोहितनं आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतून निवृत्ती घेतली, तरी इथे मॅच सुरूच आहे. (इथल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा याच्याशी काडीचा संबंध नाही हं. ती माणसं 1973 पासून तिथं आहेत, रुग्ण नि पोरं सांभाळतायत. हे रिकामे उद्योग टपरीचे.)

प्रकरण असं. आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्यात, क्लासेन पेटलाय, अक्षरच्या पंधराव्या ओव्हरमध्ये नुकत्याच 24 निघाल्यात. अक्षर नि कुलदीप यांचा कोटा संपलेला. उरलं काय? बुमराहच्या दोन, अर्शदीपची एक, आणि हार्दिकला द्यायच्या दोन. रोहितनं बुमराहला थेट सोळावी दिली, मग अठरावी, आणि तिथेच त्याच्या चार ओव्हर खलास! विसाव्याला हार्दिक. इथे टपरीवर दोन तट पडतात, आणि घोटभर चहासाठी आलेला माणूस तासभर अडकतो.

पहिला तट म्हणतो, "बुमराहले आधीच संपवला काहून गा? घरातली मोठी नोट कोनी पह्यलेच मोडते का?" दुसरा तट ओरडतो, "विसावीपर्यंत सामना उरला तर पाह्यजे ना बापा!" मला विचाराल तर दुसऱ्यांचं पटतं. बुमराहनं सोळाव्यात चार धावा दिल्या, हार्दिकनं सतराव्यात क्लासेनला घालवलं, अठराव्यात यानसेनचा त्रिफळा नि फक्त दोन धावा, अर्शदीपच्या चार. विसाव्याला सोळा हव्या होत्या म्हणून हार्दिकला तोंड देता आलं. हव्या असत्या सहा, तर बुमराह असून तरी काय केलं असतं?

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही, एवढाच काय तो दिलासा. अमेरिकेत बेसबॉलवाले 1961 पासून स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा खेळ पत्त्यांवर नि फाशांवर खेळतात आणि घरबसल्या मॅनेजर होतात. दमलेल्या पिचरच्या जागी कुणाला आणायचं, यावरच त्यांची डोकी फुटतात, कारण तिथे एकदा बाहेर काढलेला गडी त्या सामन्यात परत येत नाही. खऱ्या मैदानावर 2016 साली बाल्टिमोरच्या मॅनेजरनं आपला हुकमी एक्का, झॅक ब्रिटन, शेवटासाठी राखून ठेवला. अकराव्या डावात सामना गेला, मोसम संपला, आणि ब्रिटननं एकही चेंडू टाकला नव्हता. हे टपरीवर कळलं तेव्हा पहिल्या तटातले दोघं गुपचूप दुसरीकडे सरकले म्हणतात!

पण खरी लाज पुढेच आहे. मोबाइलवरची फँटसी टीम! त्यात गोलंदाजी कधी द्यायची हे हातात नसतं, फक्त अकरा जण निवडायचे. कॅप्टनचे गुण दुप्पट, व्हाइस-कॅप्टनचे दीडपट, एका विकेटला तेव्हा 25. त्या रात्री कुणीतरी केशव महाराजला व्हाइस-कॅप्टन केलं होतं! भारताच्या फायनलमध्ये आफ्रिकेचा फिरकीवाला! दुसऱ्याच ओव्हरमध्ये त्यानं रोहित नि पंत दोघांना उडवलं, अख्खी टपरी सुन्न, आणि हा पठ्ठ्या मिशीत हसत होता. सांगायला तरी जीभ कशी रेटते हो! शिवाय त्या हिशोबात हार्दिकच्या तीन विकेट म्हणजे 75, बुमराहच्या दोन त्रिफळ्यांचे बोनस धरूनही 66. मालिकावीर कोण, बुमराह. गुण कुणाला जास्त, हार्दिकला. म्हणजे ज्यानं दारं लावली त्याच्यापेक्षा ज्यानं चोर धरला तो मोठा!

टॉस झाल्यावर अकरा जण कळतात आणि सामना सुरू होईस्तोवर टीम बदलता येते. भामरागड तालुक्यात नेमक्या त्याच अर्ध्या तासात रेंज जाते. पर्लकोटा नदीला पूर आला की मग तर विचारूच नका, पुलासकट सगळा संपर्क बुडतो. मग संघात नसलेला गडी कॅप्टन राहतो आणि शिव्या बीसीसीआयला पडतात.

आता म्हणाल, पैशाचं काय? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, फँटसीवाल्या ड्रीम इलेव्हननं टीम इंडियाची जर्सीही सोडली. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याआधी 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला दीड कोटी लागले नि पाठोपाठ निलंबन, ही कथा इथल्या प्रत्येक बायकोनं नवऱ्याला निदान एकदा तरी ऐकवली होती. गडचिरोलीत दारूबंदी 1993 पासून. ही दुसरी बंदी. पण पहिलीचा काय अनुभव आहे ते तुम्हाला मी कशाला सांगू? पैसे गेले, चर्चा राहिली. पैज आता चहा-पोह्यांवर.

टपरीवाल्यानं तर वहीच घातलीय. बुमराह दोन, हार्दिक दोन, अर्शदीप एक, लागोपाठ दोन ओव्हर कुणालाच नाहीत: अशा बरोबर बारा मांडण्या होतात, पेनानं लिहून काढल्यात त्यानं. तंटा मिटावा म्हणून. परवा एकानं तेरावी काढली: जडेजाची एकच ओव्हर झाली होती, विसावी त्यालाच द्यायची. त्या माणसाची उधारी तेव्हापासून बंद आहे.