महामंदीची बेगमी

जगाची अर्थव्यवस्था कोसळणार ही बातमी आमच्या घरी ह्यांनी आणली. ह्यांना मोबाइलवर एक गृहस्थ सापडलेत. टाय लावून, पाठीमागे पुस्तकांचं कपाट ठेवून ते रोज रात्री साडेनऊला जग बुडवतात. आधी डॉलर बुडतो, मग बँका, मग दुकानांच्या फळ्या रिकाम्या होतात आणि शेवटी ज्यांनी वेळेवर तयारी केली तेवढेच वाचतात. तयारीची यादीही ते देतात. सहा महिन्यांचं धान्य, सहा महिने पुरेल एवढी रोकड, थोडं सोनं, थोडी चांदी, शहराबाहेर विहिरीसकट जमीन आणि तळघर.

तळघर ऐकल्यावर मी लसूण सोलायची थांबले. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या खाली तळघर नाही, दुसऱ्या मजल्यावरचे काका आहेत, आणि ते मिक्सर लावला तरी वर येतात.

यात मेख अशी आहे, की पैसा बुडणार म्हणून तयारी करायची तर आधी तो लागतो. आमचा महिना सात तारखेला उगवतो आणि वीसच्या सुमारास कोसळतो. पुढचे दिवस आम्ही कोसळलेल्या अवस्थेतच काढतो, पण त्यावर कुणी व्हिडिओ करत नाही. मी हे बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "अगं, ही घरगुती तंगी. मी जागतिक म्हणतोय." म्हणजे आमची तंगी अजून त्या पातळीला पोचलेली नाही.

तरी बोनसमधून गव्हाचं पोतं आलंच. पन्नास किलो. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे हमालानं वर चढवायचे वेगळे घेतले. मग तो गहू गच्चीवर वाळवणं, चाळणं, निवडणं आणि एरंडेल लावणं ही तयारी माझ्या वाट्याला आली, कारण टायवाल्यांच्या व्हिडिओत ती नव्हती. एरंडेल लावणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. ते तळहाताला चोळून घ्यायचं आणि गहू मुठीमुठीनं दोन्ही हातांत फिरवायचा. दाण्यावर नुसती तुकतुकी दिसली पाहिजे. जास्त झालं तर पोळीला वास मारतो, कमी पडलं तर जगाच्या आधी सोंडेच सगळं खाऊन टाकतात. संध्याकाळी माझे हात इतके बुळबुळीत झाले होते, की दाराची कडी उघडेना. हे आतून विचारत होते, "झाला का साठा सुरक्षित?" कोठी ठेवायला जागा नव्हती म्हणून ती हॉलमध्ये ठेवून वर चादर टाकली. सध्या पाहुणे आमच्या राखीव साठ्यावर बसून चहा पितात.

या सगळ्या काळात सासूबाई गप्प होत्या. त्या बार्शीकडच्या. १९७२च्या दुष्काळात त्या सतरा वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथे मिळणारी सुकडी खाल्ली, आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, रेशनवर घेऊन त्याच्या भाकरी थापल्या. त्या भाकरीबद्दल त्या आजही जे बोलतात ते छापता येणार नाही. ह्यांनी त्यांना टायवाले गृहस्थ दाखवले. त्यांनी चष्मा लावून पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "ह्यो कुठल्या कामावर व्हता?"

हे म्हणाले, "आई, ते तज्ज्ञ आहेत. अमेरिकेत लोक घराघरात डबे भरून ठेवतायत."

"त्यांच्याकडं मिलो हाय न्हवं? मग काय मरत न्हाईत."

मग त्यांनी एकच चौकशी केली: रेशनकार्ड कुठंय? ते निघालं कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या अल्बमखाली, आणि निघालं पांढरं. ज्यांना हा रंगपंचमीचा हिशेब ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रात १९९९पासून रेशनकार्डं तिरंगी झाली. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी आणि त्याच्या वर पांढरं. म्हणजे महिन्याला ८,३३४ रुपये घरात आले की सरकारदरबारी तुम्ही आणि मलबार हिलवाले एकाच रंगाचे. आपण श्रीमंत आहोत हे आम्हाला असं अचानक कळलं. ह्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. सासूबाईंना अजिबात नाही. त्यांच्या मते पांढऱ्या कार्डाइतका निरुपयोगी कागद घरात दुसरा नाही, आणि त्यात ह्यांची पदवी धरलेली आहे.

सोन्याचं प्रकरण लवकर मिटलं. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेलेला. सराफानं ह्यांना बसवलं, पाणी दिलं, बजेट विचारलं आणि पाण्याचा ग्लास उचलून नेला. शेवटी अर्ध्या ग्रॅमचं नाणं दाखवलं. त्यावर तीन टक्के जीएसटी. ते नाणं इतकं पातळ की श्वास रोखून बघावं लागतं. बँका बुडाल्यावर हे घेऊन भाजीवाल्याकडे जायचं आणि तो म्हणणार, सुट्टे द्या.

आमच्याकडे सोनं म्हणजे माझं मंगळसूत्र, आणि ते धाकटीच्या ऑपरेशनच्या वेळी तारण राहून आलेलं आहे. ही गोष्ट आम्ही चारचौघांत काढत नाही. त्या रात्री मात्र ह्यांनीच टायवाल्यांकडून ऐकलेलं सांगितलं, की १९९१ साली देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकी चलन उरलं होतं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं जुलैत सुमारे ४७ टन सोनं विमानानं परदेशी पाठवून गहाण ठेवलं. सासूबाई उठून बसल्या. "सरकारनं बी?" हो. "मग आपण कशाला लपवतोय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं की आमच्या सुनेचं आणि भारत सरकारचं सोनं एकाच वाटेनं गेलं होतं. व्याज कुणाला जास्त पडलं तेवढं त्यांना अजून समजून घ्यायचंय.

यादीत पुढे इन्व्हर्टरचीही भर पडली. हे म्हणाले, हप्त्यांवर मिळतोय. महामंदी येणार म्हणून कर्ज काढायचं, हा विचार मी ह्यांना मोठ्यानं दोनदा म्हणायला लावला. दुसऱ्या वेळी आवाज बराच खाली आला होता. तंगीत तयारी करायची तर पहिली पायरी फुकट आहे: नवा हप्ता अंगावर घ्यायचा नाही. पगार थांबला तरी हप्ता थांबत नाही, तो कुणाच्याही मंदीची वाट बघत नाही.

मग ह्यांना अर्जेंटिना सापडला. तिथे डिसेंबर २००१ मध्ये सरकारनं खाती जवळजवळ गोठवली आणि आठवड्याला २५० पेसो एवढेच काढायची मुभा ठेवली. लोक पातेली, झाकणं बडवत रस्त्यावर आले. हे भारावून सांगत होते. आता, मुंबईच्या बायकांनी हे तीसेक वर्षं आधी केलेलं आहे. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या पुढाऱ्यांबरोबर त्या लाटणी नि थाळ्या घेऊन निघाल्या होत्या आणि मंत्र्यांना पळता भुई थोडी केली होती. लाटणं आमच्याकडे आहे. तयारीची तेवढी एक वस्तू आमच्या घरात आधीपासून तयार निघाली.

पैसा आटल्यावर अर्जेंटिनात लोक वस्तूंची आणि कामांची अदलाबदल करायला लागले. केस कापून द्या, भाजी न्या. त्यासाठी मंडळं निघाली, मंडळांनी स्वतःच्या चिठ्ठ्या छापल्या, मग त्या चिठ्ठ्या लोकांनी खोट्या छापल्या आणि त्यांचीही किंमत मातीत गेली. म्हणजे पैशाला कंटाळून काढलेल्या पैशालाही महागाई सोडेना. ह्यांनी विचारलं, "आपल्याकडे अशी व्यवस्था उभी राहील का?" नेमकी त्याच आठवड्यात जिन्यात हाक आली, "ए भांडीऽऽ".

बोहारीण हल्ली क्वचित येते, पण येते. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टील, खांद्याला गाठोडं. ती चिठ्ठ्या छापत नाही. मी दोन पँटी, एक टेरिकॉटचा शर्ट आणि जरीची एक जुनी साडी काढली. तिनं शर्ट बघताच बाजूला सारला, "याला गिऱ्हाईक नाय, ताई." पँट उलटी करून बसायच्या जागी उजेडासमोर धरली. तिथून तिला आमची गॅलरी दिसली असावी, कारण तीही बाजूला गेली. साडीचा काठ नखानं खरवडून बघितला आणि तो मात्र मांडीखाली सरकवला. सौदा अडला. तेव्हा मी ह्यांचा लग्नातला ब्लेझर आणला.

हे आतून धावत आले. "हा तीन हजारांचा आहे!"

तिनं अस्तरात बोट घातलं. ते दुसरीकडून बाहेर आलं. "सायेब," ती म्हणाली, "घेतला तेव्हाचा भाव नका सांगू. आज कोण काय देतोय ते बोला."

टायवाल्यांना हे सांगायला पाऊण तास लागतो, शिवाय मध्ये जाहिराती.

शेवटी साडी, ब्लेझर आणि धडकी एक पँट देऊन झाकणाचा डबा आला, वर चहाची गाळणी मी हट्टानं काढली. हे दिवसभर बोलले नाहीत. त्यांनी बहुधा आपण या नव्या व्यवस्थेत काय विकू शकतो याचा विचार केला असावा. ह्यांना एक्सेल येतं आणि 'सविनय सादर' पद्धतीचे अर्ज फार सुरेख लिहिता येतात. मला फॉल-पिको येतं. जग बुडाल्यावर अर्ज कुणाकडे करणार? साड्या मात्र राहतील. तेव्हा कुटुंबप्रमुख कोण, हा प्रश्न आमच्याकडे तूर्त खुला आहे.

किराणावाल्याच्या वहीबद्दल तर ह्यांच्या गृहस्थांनी चकार शब्द काढलेला नाही. सात तारखेला आठवणीनं वही चुकती करणाऱ्याला २०२० सालच्या टाळेबंदीत आमच्या किराणावाल्यानं अर्ध्या शटरखालून तांदूळ दिला, आणि रोज मॉलमध्ये जाणारे त्याच शटरसमोर कार्ड हलवत उभे होते. गव्हाच्या पोत्यापेक्षा माझा भरवसा त्या वहीवर जास्त आहे.

राहिली रोकड. आमच्या इमारतीतली भिशी बारा जणींची. कुणाकडे आजारपण निघालं तर चिठ्ठी न काढता तिलाच आधी देतात. भिशीला विमा नाही, पण सगळ्या जणी कुठे राहतात ते मला माहीत आहे. बँकेचं तसं नसतं. २०१९च्या सप्टेंबरात मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढता येत होते. एक हजार. जग ठणठणीत होतं, डॉलर जागेवर होता, फळ्या भरलेल्या होत्या. गरिबाचं कोसळणं असं शाखेच्या दारावर कागद चिकटवून येतं.

तेव्हा ठेवीवर एक लाखाचाच विमा होता. ४ फेब्रुवारी २०२०पासून तो पाच लाखांचा आहे, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेत एका माणसामागे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतपेढीतल्या ठेवीला तो नाही, मग तिथे टक्काभर व्याज जास्त मिळो की चेअरमन आपल्या गावचे असोत. तेव्हा तुमची पुंजी जिथे असेल तिथे जाऊन ठेवीला विमा आहे का एवढं विचारून या. दारात रांग नसेल अशा दिवशीच जा.