दोन बोटांची फट

पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानासमोर, एखादा चाळिशीचा गृहस्थ आपल्याच गाडीपाशी उकिडवा बसून चाकाच्या वर बोटं घालताना दिसला, तर त्याचं काही हरवलंय असं समजू नये. तो टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट मोजतोय. कंपनीने गाडी दिली तेव्हा त्या फटीत चार बोटं जात होती. त्याला दोनच जायला हवीत. उरलेल्या दोन बोटांपायी त्याचे रविवार, कंबर आणि घरातली शांतता पणाला लागलेली असते.

गाडी असते जुनी स्टेशन वॅगन, बहुधा २००४ च्या सुमाराची टाटा इंडिगो मरीना. वॅगन आपल्याकडे कधी रुजलीच नाही. १९९२ ची टाटा इस्टेट आली, मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपेलची कोर्सा स्विंग आली; ‘मागून ॲम्ब्युलन्स दिसते’ असं म्हणून गिऱ्हाइकाने सगळ्यांना वाटेला लावलं. त्यामुळे ती आज स्वस्तात मिळते. घरच्यांनी होकार दिला तो एवढ्याचसाठी, की डिकीत गव्हाची दोन पोती मावतील आणि गावी जाताना मांडीवर बॅगा घ्याव्या लागणार नाहीत. त्याच्या डोक्यात मात्र १९९४ सालची ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा असते. त्या वर्षी व्होल्व्होने ८५० इस्टेट, म्हणजे चक्क घरगुती वॅगन, जमिनीला टेकवून शर्यतीत उतरवली होती. एकही शर्यत जिंकली नाही आणि पुढच्या वर्षी कंपनीनेच सेडान आणली, हा भाग तो सांगत नाही.

‘मिस्त्री, जंपिंग खाली बसवायचंय,’ असं तो सांगतो तेव्हा मिस्त्री आधी ऐकण्यात चूक झाली असं धरून चालतो. कारण बाकीचं जग स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर कोंबून गाडी वर उचलायला येतं.

तयार लोअरिंग स्प्रिंगा मागितल्या तर दुकानदार गाडीचं नाव पुन्हा विचारतो. उंची हवी तशी फिरवता येणारे कॉइलओव्हर घ्यावेत, तर त्यांचा आकडा गाडीच्याच किमतीशी स्पर्धा करतो. मग जुना बाजार. बुधवारी किंवा रविवारी तिथल्या लोखंडाच्या ढिगातून तो चार स्प्रिंगा हुडकून काढतो. त्या मुळातच थकून अर्धा-पाऊण इंच बसलेल्या असतात. ‘तेवढं काम फुकटात झालं,’ म्हणून तो खूश. स्वतःच्या गाडीच्या मूळ स्प्रिंगा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जातात, आणि या एका निर्णयाबद्दल त्याला शहाणा म्हटलंच पाहिजे. कापलेली स्प्रिंग पुन्हा लांब होत नाही.

कापण्याचं शास्त्र तो तोंडपाठ म्हणतो, आणि ते बरोबर असतं. गॅस कटर लावायचा नाही, उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं. ग्राइंडरने, थांबत-थांबत, गार करत कापायचं. एका वेळी अर्धं वेटोळं. स्प्रिंगची सहा वेटोळी काम करत असतील आणि एक उडवलं, तर ती सुमारे २० टक्के कडक होते. तार तीच, पण पिळायला लांबी कमी. इथपर्यंत तो इंजिनिअर असतो. मग चाकं लागतात, फट तीन बोटांवर येते, आणि तिथे इंजिनिअर संपतो. ‘अजून थोडं,’ असं म्हणून तो परत ग्राइंडर उचलतो.

हे ‘अजून थोडं’ महागात जातं. स्प्रिंग आखूड, शॉकॲब्सॉर्बर मात्र पूर्ण लांबीचा, त्यामुळे जॅक लावून चाक लोंबकळलं की स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होऊन खुळखुळते. चाकं वरून आत कलतात, टायर आतल्या कडेला झिजतात, आणि स्प्रिंगांत वाचवलेले पैसे अलाइनमेंटवाला हप्त्या-हप्त्याने वसूल करतो. शिवाय खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलते, हे त्याचं लाडकं प्रमेय अर्धंच खरं. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म चाकाकडे वर चढू लागला की रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो, आणि गाडी उलट कलायला अधिक राजी होते. कडक स्प्रिंग ते झाकून ठेवते, एवढंच. हे त्याला सांगावं, तर तो गाडीचा आडवा फोटो दाखवतो. फोटोत गाडी खरोखर देखणी असते, हेही कबूल करायला हवं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक हे मानक न वाचलेल्या माणसाने, स्लॅबचं उरलेलं काँक्रीट वाया जाऊ नये म्हणून घातलेला असतो. वॅगनवाला तो तिरका चढतो, एकेक चाक, मागे हॉर्नचा गजर. मागच्या सीटवर तिघे असतील तर बंप स्टॉप धाडकन आदळतो. म्हणून फाटकापाशी तो नम्रपणे म्हणतो, ‘जरा उतरता का?’ सासरे उतरतात, चालत फाटक ओलांडतात, पलीकडे पुन्हा बसतात. गहू रिक्षा-टेम्पोने येतो.

कायदा त्याला माहीत असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चार स्प्रिंगा हा एक बदल की चार, यावर तो मिस्त्रीशी तासभर वाद घालू शकतो. पण १५ वर्षं उलटलेल्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी करावंच लागतं आणि आरटीओसमोर वाद घालायची त्याची तयारी नसते. मग आदल्या रात्री गोणपाट खाली उतरतं, मूळ स्प्रिंगा चढतात, आणि सकाळी दारात चार बोटांची फट असलेली, सामान वाहू शकणारी खरीखुरी वॅगन उभी राहते.

घराने ही तारीख कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवलेली असते. ‘पासिंग गुरुवारी ना रे?’ आई विचारते. ‘मग शुक्रवारी जेजुरी. आत्याला कळवलंय. येताना सासवडहून ती शिलाई मशीन उचलायचीय. तुझं ते कापाकापीचं शनिवारी बघ.’