शेवटची पायरी त्याची

दिवाळीच्या आधी विशेष शाळांची प्रदर्शनं भरतात. रंगवलेल्या पणत्या, कंदील, उटण्याची पाकिटं, कागदी पिशव्या. टेबलापुढे गर्दी, टेबलामागे बाई, आणि बाईंच्या मागे खुर्चीवर नवा शर्ट घालून बसलेला मुलगा. पणत्या त्यानेच रंगवल्यात. गिऱ्हाईक भाव बाईंना विचारतं, पैसे बाईंना देतं, सुटे बाईंकडून घेतं. निघताना मुलाचा गालगुच्चा घेतं. मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला मिसरूड फुटलं आहे.

त्याचा गालगुच्चा घेऊ नका. त्याला भाव विचारा.

विशेष शिक्षकांकडे शिकवण्याची एक फार सुंदर रीत आहे. ‘बॅकवर्ड चेनिंग’ म्हणतात तिला. चहा करायला शिकवायचा, तर आधी त्या कामाचे तुकडे पाडायचे: पाणी मोजणं, गॅस पेटवणं, साखर, पावडर, दूध, उकळी, गाळणं, कपात ओतणं, कप नेऊन देणं. पहिल्या दिवशी सगळं बाई करतात. शेवटचा तुकडा तेवढा मुलाचा. कप पाहुण्यांपुढे ठेवायचा. पाहुणे ‘वा!’ म्हणतात आणि तो चहा त्याचा होतो. मग शेवटून दुसरा तुकडा, मग तिसरा. काम पुरं केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याच्या पदरात पडतो.

आता पुन्हा प्रदर्शनाकडे बघा. पणती घासण्यापासून रंग वाळवण्यापर्यंतचे सगळे तुकडे मुलाने केले. विकण्याचा आणि पैसे मोजून घेण्याचा शेवटचा तुकडा मोठ्यांनी उचलला. वर्गातली रीत आपण बाजारात उलटी केली.

शाळेचंही तसंच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरावा वाढदिवस झाला की केक कापायचा आणि दप्तर खुंटीला लावायचं. बारा वर्षांच्या कष्टांची शेवटची पायरी म्हणजे कमावतं, स्वतंत्र आयुष्य. ती पायरी शाळेच्या फाटकाबाहेर आहे आणि तिथे हात धरायला कुणी उभं नाही. कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर घर, टीव्ही आणि म्हातारे होत चाललेले आईवडील. ‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत असतो. त्याचं उत्तर शाळेत असतानाच तयार व्हायला हवं.

अमेरिकेतल्या कायद्यानुसार मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या शिक्षणाच्या आराखड्यात ‘शाळेनंतर काय’ याचं नियोजन यावंच लागतं. सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात 1996मध्ये त्याच्याही पुढचं पाऊल पडलं. आपत्कालीन विभागात सामान भरायच्या कामावर माणसं टिकत नव्हती. तिथल्या प्रमुख परिचारिकेला वाटलं, बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं हे काम शिकली तर? त्यातून ‘प्रोजेक्ट सर्च’ उभा राहिला. मुलांनी शाळेचं शेवटचं वर्ष रुग्णालयातच काढायचं, आळीपाळीने वेगवेगळ्या विभागांत खरं काम करायचं आणि सोबतीला शिकवणारा माणूस. हा प्रयोग पुढे इतर देशांतही गेला.

आपल्याला हे सुचणार नाही, असं नाही. मुंबईत जय वकील शाळा 1944पासून आहे, पुण्यात कामायनी 1964पासून. जुहूच्या ‘अर्पण’ कॅफेत 2018पासून स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग तरुण-तरुणी काम करतात. त्याच्या आधी त्याच गटाने डबे पुरवले होते. शेवटची पायरी त्यांना दिली की ते ती चढतात. हे डोळ्यांनी बघायला जुहूची रिक्षा पुरते.

मग माध्यमिक वयात शिकवायचं काय? पणत्या शिकवा, पण आधी शाळेच्या आसपासची दुकानं मोजा. लाँड्री, रोपवाटिका, किराण्याचं पॅकिंग, वाचनालय, खानावळ, औषधाचं दुकान. जे काम त्या गल्लीत आहे ते शिकवा. गल्लीत नसलेलं काम कितीही सुबक शिकवलं तरी ते दिवाळीपुरतं उरतं.

कामाआधी कामाची वाट शिकवा. बसचा क्रमांक ओळखणं, चुकीच्या थांब्यावर उतरलो तर फोन करणं, उशीर होतोय हे सांगणं. आधी आई शेजारच्या सीटवर, मग दोन सीट मागे, मग बसच्या मागून रिक्षाने, आणि एक दिवस आई घरीच. त्या दिवशी ती माउली दारात उभी राहून काय सोसते, ते तिलाच ठाऊक. पण तो दिवस यायला हवा, आणि ती धडधडत्या छातीने उभी असेपर्यंतच यायला हवा.

पैसे शिकवा, आजचे. नोटा-नाणी ओळखायला शिकवता शिकवता बाजारात नोट मागे पडली आणि चौकोनी कोड आला. स्पीकरवाली डबी किती रुपये आले ते बोलून सांगते. मोजायला अडखळणाऱ्या मुलाला ती डबी मदतच करते. शाळेच्या टेबलावर ती ठेवा. आणि महिन्याचं मानधन मुलाच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या. आपले आर्थिक व्यवहार सांभाळायचा हक्क त्यालाही इतरांइतकाच आहे, असं 2016चाच कायदा सांगतो. त्यातले पन्नास रुपये त्याने वडापावात उडवले तर उडवू द्या. पहिल्या पगारात आपण तरी दुसरं काय केलं होतं?

आणि ‘नाही’ म्हणायला शिकवा. विशेष शाळेत आज्ञाधारक मुलाचं सगळ्यात जास्त कौतुक होतं. बस म्हटलं बसलं, ऊठ म्हटलं उठलं. हेच मूल कामावर गेलं की कुणीही त्याच्याकडून दोन माणसांचं काम करून घेतं, त्याचे पैसे उसने नेतं, नको तिथे हात लावतं, आणि ते गप्प बसतं. कारण गप्प बसण्याबद्दलच त्याने बारा वर्षं शाबासकी मिळवलेली असते. ‘मला समजलं नाही’, ‘मला नको’, ‘मी साहेबांना सांगेन’ ही तीन वाक्यं पाढ्यांच्या आधी शिकवा. बोलता येत नसेल तर चित्राच्या कार्डावर शिकवा.

सरकारला एक सांगणं. 1995च्या दिव्यांग कायद्यातल्या तीन टक्के राखीव सरकारी नोकऱ्यांत बौद्धिक दिव्यांगांना वाटाच नव्हता. 2016च्या कायद्याने राखीव जागा चार टक्के केल्या. त्यातल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार असलेल्यांना एकत्र वाटा मिळाला. दार उघडलं, पण उंबरठ्यावर स्पर्धा परीक्षा बसली आहे. सामान नीट लावून दाखवणाऱ्या मुलाला सामान्यज्ञानाचे पर्याय कशाला विचारता? त्याच्याकडून काम करून बघा आणि कामावर घ्या. शाळांना कामाच्या जागी सोबत जाणारा शिक्षक द्या, आणि त्याने बसमध्ये घालवलेले तास शिकवण्याचे तास म्हणून हजेरीत धरा. चार भिंतींतल्या तासांनाच तास म्हटलं, तर बाई मुलांना फाटकाबाहेर नेणार कशा?

उरलो आपण, गिऱ्हाइकं. या दिवाळीत पणत्या घ्याच. भाव मुलाला विचारा. शंभराची नोट त्याच्या हातात द्या आणि थांबा. तो मोजेल, चुकेल, पुन्हा मोजेल. मागची रांग चुळबुळेल, बाईंचा हात मदतीला पुढे येईल. त्यांना म्हणा, ‘असू दे बाई, मला घाई नाही.’ तो सुटे तुमच्या तळहातावर ठेवेपर्यंत हलू नका. मग त्याच्याकडे बघून ‘थँक यू’ म्हणा, कुठल्याही दुकानदाराला म्हणता तसं.