स्पॅनिशसाठी स्थळ

उपवर मुलासाठी स्थळ पाहावयाचे झाले की खुद्द त्या मुलास वगळून बाकी सर्वांचे मत घ्यावयाचे, ही जी आमच्या राहुरीत पूर्वापार चालत आलेली आणि आजवर कोणी हरकत न घेतलेली वहिवाट आहे, तीच परवा एका पदवीधरास स्पॅनिश शिकण्याकरिता कोणत्या देशी धाडावे या प्रश्नासही लागू करण्यात आली. मुलगा इथल्याच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा. मक्याच्या वाणांवर काम करावे अशी त्याची मनीषा. मक्याचे आदिम माहेर मेक्सिको, आणि गहू व मका यांच्या संशोधनाची 'सिमिट' ही आंतरराष्ट्रीय संस्थाही तिकडेच, टेक्स्कोको गावाजवळ. सबब चारसहा महिने त्या मुलखात राहून तिथल्या शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येईल इतपत तयारी करावी, असा त्याचा साधा, आणि म्हणूनच कोणाच्याही पचनी न पडणारा, विचार होता. या विचाराची छाननी करण्यासाठी त्याच्या घरी बैठक भरली आणि मी वर्तमानपत्रात लिहितो एवढ्याच कसुरावर तिचे अध्यक्षपद माझ्याकडे आले.

स्पॅनिश ही वीसएक देशांची राजभाषा असून जवळजवळ 50 कोटी लोकांची मातृभाषा आहे, ही माहिती बैठकीत ठेवणे ही मात्र माझी राजकीय चूक ठरली. कारण निवडीस इतका वाव आहे असे कळताच प्रत्येकाने एकेक देश आपल्या नावावर करून घेतला.

पहिला मान निवृत्त मामलेदारसाहेबांचा. त्यांच्या मते भाषा शिकावी तर शुद्धच, आणि प्रत्येक भाषेची एक सदाशिव पेठ असतेच. ती शोधून काढली की निम्मे काम फत्ते. स्पॅनिशची ही पेठ त्यांनी सालामान्का येथे मुक्रर केली. तिथले विद्यापीठ 1218 सालचे, आणि नेब्रिहाचे स्पॅनिश व्याकरण 1492 साली, म्हणजे कोलंबस ज्या वर्षी निघाला त्याच वर्षी, त्याच गावी छापले गेले. यापुढे बोलण्यास जागाच नव्हती. परंतु मुलाचे धाकटे चुलते नाना तोवर मोबाइलवर स्पेनचे उच्चार ऐकत बसले होते, आणि तिथले लोक 'स'च्या जागी पुष्कळदा 'थ' म्हणतात, हा शोध त्यांनी त्याच क्षणी जाहीर केला.

"म्हंजी पोरगं तोतरं होऊन यायचं का, नाना?" आतून आत्याबाईंनी विचारले. सालामान्का बारगळले.

मग उच्चारांचा पंचनामाच सुरू झाला. ब्युनोस आयर्सला 'य'चा 'श' करतात, म्हणून ते रद्द. क्यूबात शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकतात, म्हणून ते संशयास्पद. हे आक्षेप ज्या बोलीत घेतले जात होते तिच्याविषयी पुण्यातील जाणकारांचे काय मत आहे, हे मला ठाऊक असल्यामुळे मी स्वस्थ बसलो. एका आतेभावाने बार्सिलोनाची जोरदार शिफारस केली. तिथे रस्त्यावर, शाळेत आणि कचेरीत कॅटलान नावाची निराळीच भाषा चालते, हे मी निदर्शनास आणले. पण त्याची शिफारस फुटबॉलच्या आधारावर असल्यामुळे तिला यत्किंचितही धक्का पोहोचला नाही.

ग्वातेमालातील अँटिग्वा या गावाचे प्रकरण मात्र काही काळ गंभीर झाले. तिथे एका विद्यार्थ्यास एक शिक्षक मिळतो, मुक्काम स्थानिक कुटुंबात असतो, आणि जेवणात मक्याची भाकरीसदृश तोर्तिया व काळ्या घेवड्याचे कालवण असते, हे ऐकून आत्याबाई प्रसन्न झाल्या. परंतु ज्या घरात मुक्काम करावयाचा त्या घरात मराठी कोणालाही कळणार नाही, असे उघड होताच त्यांचा चेहरा उतरला. जेवणापूर्वी 'नको' कसे म्हणायचे आणि जेवणानंतर 'आणखी वाढा' कसे म्हणायचे? ते म्हणता यावे एवढ्यासाठीच तर मुलगा जातो आहे, असे सांगण्यात अर्थ नव्हता. तितक्यात गावाजवळच फुएगो नावाचा जागता ज्वालामुखी असून 2018 साली त्याने मोठा अनर्थ केला, ही वार्ता कोणीतरी पुरवली, आणि खऱ्या आक्षेपास एक सभ्य कारण सापडल्याने सर्वांनाच हायसे वाटले.

याच सुमारास कोपऱ्यावरच्या हॉटेलातला पोरगा चहा घेऊन आला. हा बिहारचा, गेल्या पावसाळ्यात आला तेव्हा त्याला 'पाणी' आणि 'पैसे' यापलीकडे मराठी येत नव्हते. "साखर कमी कुनाला रं, पटकन बोला, गिऱ्हाईक खोळंबलंय राव," असे मामलेदारसाहेबांस बजावून तो गेला. त्याच्यासाठी राहुरीची निवड कोणत्या समितीने केली होती, हे विचारण्याचा मोह मी आवरला.

अखेरीस मी मेक्सिकोचे नाव घेतले आणि आधारादाखल पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा दाखला दिला. वर्ध्याकडचा हा गदर चळवळीतील क्रांतिकारक इंग्रज सरकारच्या लेखी राजद्रोही ठरलेला. परतीची वाट बंद, म्हणून 1924 साली मेक्सिकोत उतरला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात तिथल्या मुलांस शेतीशास्त्र शिकवू लागला, मक्यावर संशोधन केले, आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या भिंतीवर भाकरी वाटून देताना त्याची आकृती रंगवली. पुढे 1966 साली आपल्या देशाने त्याच मेक्सिकोतून 18 हजार टन गव्हाचे बियाणे आणले. आणि, कृतज्ञतेपोटी नव्हे तरी नोंदीकरिता सांगतो, आपल्या मक्यावरची लष्करी अळीदेखील अमेरिका खंडातलीच, जी 2018 साली कोणाचाही व्हिसा न घेता येथे दाखल झाली.

बैठकीने हे सर्व शांतपणे ऐकले.

"खानखोज्यांना तिकडं कोण होतं?" आत्याबाईंनी विचारले.

"कोणी नाही."

"म्हणूनच शिकले बिचारे," त्या कळवळून म्हणाल्या, आणि मेक्सिकोचा निकाल लागला.

यानंतर नानांनी खिशातून हुकमाचे पान काढावे तसे न्यू जर्सीचे नाव काढले. मुलाची सख्खी मावशी तिथे आहे. मराठी मंडळाचा गणपती आहे. बाजरीचे पीठ मिळते. शिवाय त्या राज्यात स्पॅनिश बोलणारे लाखोंनी आहेत, जे सर्वथैव खरे आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर मेक्सिकोसाठी वेगळा लागत नाही, म्हणजे पुढे तिकडेही जाता येईल, असे मुलाने या संधीचा फायदा घेऊन सुचवले; त्यावर, "मग आता मेक्सिकोला जायची गरजच काय?" असा बिनतोड प्रश्न मामलेदारसाहेबांनी केला.

"पण मावशीच्या घरी स्पॅनिश बोलतं कोण?" मुलाने त्या दिवसातले दुसरे आणि शेवटचे वाक्य उच्चारले.

लागलीच मावशीबाईंस फोन लावण्यात आला. त्यांच्या घरापुढील गवत कापावयास जो गृहस्थ येतो तो ग्वातेमालाचाच असल्याचे निष्पन्न झाले, आणि अँटिग्वाच्या बाजूने असलेल्यांचेही समाधान झाले. ठराव एकमताने मंजूर होऊन मसुदा अध्यक्षांच्या सहीसाठी आला. त्यात सदर गृहस्थ पंधरवड्यातून एकदा, सुमारे पाऊण तास, यंत्रासह येतो, अशी नोंद असून, यंत्र बंद असतानाचा अवधी अध्ययनकाळ धरावा आणि थंडीत गवत वाढत नसल्यामुळे डिसेंबर ते मार्च सुट्टी समजावी, असे कलम मामलेदारसाहेबांनी स्वहस्ते जोडले आहे.